बँकॉककरांचा ग्रामवास

बँकॉकच्या सुखवस्तू कुटुंबांस शनिवार-रविवारी ग्रामीण निसर्गाच्या सान्निध्याची अनिवार ओढ लागते. आणि तिची तजवीज बुधवारपासूनच इतक्या दक्षतेने सुरू होते की, मुक्काम, न्याहारी, छायाचित्रांची स्थळे व त्यांस साजेशी वस्त्रे यांची तपशीलवार याद सिद्ध झाल्यावर निसर्गाने काही करावयाचे शिल्लकच राहत नाही. शुक्रवारी सायंकाळी ही समस्त मंडळी एकांताच्या शोधार्थ एकदमच सराबुरीच्या रस्त्याने कूच करतात व पुढल्या मोटारीचा तांबडा दिवा तासन्‌तास न्याहाळतात.

मुक्काम बहुधा खाओ यायचा. १९६२ साली स्थापन झालेले हे थायलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान. येथे रानटी हत्ती कोणाचीही पूर्वपरवानगी न घेता डांबरी सडकेवरून चालत येतात, गिबन वानरे पहाटेच आरडाओरडा करतात. परंतु पाहुणे बहुशः उद्यानाच्या वेशीबाहेरच रमतात. कारण तेथे त्यांच्या सोयीसाठी इटलीतले खेडे उभारलेले आहे: पिवळसर भिंती, घड्याळाचा मनोरा, अरुंद गल्ल्या, आणि गल्लीगल्लीत दुकाने. जवळच द्राक्षमळे आहेत, मेंढ्याही आहेत. थाई खेडे पाहावयास निघालेला गृहस्थ अशा रीतीने तोस्कानात पोहोचतो, आणि संतुष्ट होतो. खरे थाई खेडे, म्हणजे भातखाचरे, चिखल आणि म्हशी, वाटेत लागतेच. पण त्याचा यादीत अंतर्भाव नसल्याने मोटार थांबत नाही.

ज्या वाचकांस खरोखरच हत्ती पाहावयाचे असतील, त्यांनी मंगळवारी जावे.