कढीपत्त्याच्या आडून

कढीपत्ता हवा असला की कुंदा मागच्या भिंतीशी येऊन हाक मारते. काल संध्याकाळीही मारली, पण हात फांदीकडे गेलाच नाही. ओढणीच्या टोकात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"ताई, जरा जवळ या. मोठ्यानं बोलण्यासारखं नाहीये."

कुंदाला हळू बोलता येत नाही. तिची सगळी गुपितं गल्लीला तिच्याच तोंडून कळलेली आहेत. मी चूल बंद करून गेले. ओढणी सुटली, आत गोळ्यांची पट्टी. एकवीस घरं, वर छोटे छोटे बाण, आठ घरं रिकामी.

"मृणालच्या जीन्सच्या खिशात सापडली. मेडिकलवाल्याला दाखवली तर तो इकडंतिकडं बघून म्हणतो, काकू, ही मूल न होण्याची. माझे तर हातपायच गळाले! पोरीला विचारलं तर म्हणे, पिंपल्ससाठी आहे. मी काय दुधखुळी आहे?"

चष्मा लावून नाव वाचलं. इथिनिल एस्ट्रॅडिओल आणि ड्रोस्पिरेनोन. "दुधखुळी नाहीस, पण पोरगी खोटंही बोलत नाहीये. हनुवटीवर नि जबड्याच्या कडेनंच येतात ना तिला? पाळीच्या आधी जास्त?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, बायकांच्या अंगातही थोडं पुरुषी हॉर्मोन असतंच. त्यानं कातडीतलं तेल वाढतं. ही गोळी ते हॉर्मोन तयारच कमी होऊ देते, आणि रक्तात फिरणारं बरंचसं बांधून ठेवते. म्हणून चेहरा निवळतो. पण दोन-तीन पाकिटं संपेपर्यंत आरशात फारसं काही दिसत नाही, आणि बंद केली की पुष्कळदा मुरमं परत हजर."

"म्हणजे हे पण काम करते आणि… ते पण?"

"दोन्ही करते. मृणालला एकासाठी हवी की दोन्हीसाठी, ते तिचं तिला ठाऊक. तेवीस वर्षांची आहे ती."

कुंदानं एक पान खुडून चुरगाळलं. "आणि पुढं मूलबाळ?"

"गोळी थांबली की बीजकोश आपलं काम पुन्हा सुरू करतो. तीस वर्षं उपकेंद्रावर माला-एन वाटली मी. अट्ठावीस गोळ्यांचं पाकीट, त्यात शेवटच्या सात नुसत्या लोहाच्या. त्या सात बायका उकिरड्यावर टाकायच्या. त्यानं बिघडत काही नव्हतं, पण दिवसांचा हिशेब चुकायचा. सातची सुट्टी नऊ दिवसांची झाली की बीजकोश जागा! मधली एखादी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची, एका दिवसात दोन झाल्या तरी. ओळीनं दोन राहिल्या तर मात्र पुढचे सात दिवस कंडोमही लागतो. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर ही गोळी भरवशाची नाही." मी थांबले, कारण कुंदाचं लक्ष केव्हाच उडालं होतं. "पण तिला लिहून कुणी दिली?"

"तिला कशाला कोण देतंय! रूममेटला दिली होती स्किनच्या डॉक्टरांनी. तिचा चेहरा नितळ झाला, म्हणून हिनं नाव बघून तीच आणली."

इथं माझ्या कपाळाला आठी पडली. "विरजण शेजारणीकडचं चालतं गं, गोळी नाही. त्या मुलीचं बीपी बघितलं असेल, सिगारेट ओढतेस का, घरात कुणाला पायात रक्ताची गुठळी झाली होती का, विचारलं असेल. हिला कुणी विचारलं? गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला साधारण 2 जणींना अशी गुठळी होते. माला-एनमधल्या जातीच्या गोळीनं 5 ते 7, आणि या ड्रोस्पिरेनोनवालीनं 9 ते 12."

"अगं बाई!"

"घाबरू नकोस, गरोदरपणात याहून जास्त होतात. पण एक पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, दम लागला, तर थेट दवाखाना. बरं, मृणालचं डोकं दुखायचं ना?"

"अर्धशिशी. सासूबाईंची देणगी."

"दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही येतं?"

"येतं की. नागमोडी चमचमतं, वीसेक मिनिटं. शाळेत असताना रडायची, आई, पुस्तकाला भोक पडलंय म्हणून."

मी पट्टी पुन्हा कुंदाच्या हातात दिली नाही. "कुंदा, नीट ऐक. अशा अर्धशिशीत एस्ट्रोजेनची गोळी चालतच नाही. मेंदूत गुठळी होऊन झटका यायचा धोका वाढतो, आणि वय कमी म्हणून सूट मिळत नाही. आजची गोळी घ्यायची नाही, उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडं. डोळ्यांपुढे येतं ते तिनं स्वतः सांगायचं. गेल्या काही दिवसांत संबंध आला असेल तर तेही."

"ताई!"

"ते तू विचारू नकोस, डॉक्टर विचारतील. तोवर लागलाच तर कंडोम. पुढं कॉपर-टी आहे, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आहे, त्यात एस्ट्रोजेन नाही. मुरमांना लावायची मलमंही आहेत. पण तीही मेडिकलवाल्याला विचारून नकोत, गोरं करणारी स्टेरॉइडची ट्यूब देऊन मोकळा होईल."

कुंदानं सुस्कारा सोडला, आणि सुस्कारा सरताच तिला नेहमीचा जोर आला. "बघा म्हणजे! ना आईला विचारलं, ना डॉक्टरला. मेडिकलातून आणली नि गिळली! काय म्हणायचं या पिढीला?"

"गेल्या गौरीत पाळी पुढं ढकलायची गोळी घेतलीस, ती कुणी लिहून दिली होती?"

कढीपत्त्याची फांदी एकदम हलायची थांबली.

"ती… ती तर सगळ्याच घेतात."

"तुझं बीपी किती असतं?"

"बघितलंय कुठं मी!"

मी आतून मशीन आणलं. तिला भिंतीवर कोपर टेकायला लावलं आणि पट्टा गुंडाळला. तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. मृणाल हेल्मेट काढत धावतच आली.

"आई? काय झालं तुला?"

"काही नाही गं," कुंदा म्हणाली, "कढीपत्ता न्यायला आले होते."