बांधी विकून जमिनीचा अभ्यास

गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या एका काकाजींचा मुलगा पुण्याला रिअल इस्टेटमध्ये एमबीए करणार आहे. फी ऐकून काकाजींनी रस्त्याकडची धानाची बांधी विकायला काढली. म्हणजे जमिनीचा व्यवहार शिकायला आधी जमीन विकायची. प्रात्यक्षिक घरूनच सुरू! शैक्षणिक कर्ज? साडेसात लाखांच्या पुढे तारण मागतात, तेही शेती नको, एनए प्लॉट आणा म्हणे.

गिऱ्हाईक आणणारा दलाल दहावी पास. महारेराचं 20 तासांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिलेला. खिशात चौघडी केलेला सातबारा, गालात खर्रा. दोन टक्के त्याने दोन्हीकडून घेतले. निघताना मुलाला म्हणाला, "शिकून ये बाबू, मंग माह्याच आफिसात बसजो."