रंगखात्यातले तात्या

जगात कुठेही कसलाही शोध लागो, तो आधी तात्यांच्या गिरणीतल्या रंगखात्यात लागून गेलेला असतो. चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरचा माणूस टॉवरमधल्या लिफ्टचं कौतुक सांगू लागला की मागच्या रांगेतून आवाज येतो, “आमच्याकडे कापडाचे गठ्ठे लिफ्टने जायचे, तुम्ही माणसांचं काय घेऊन बसलात!” करोनाच्या दिवसांत सगळी चाळ डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होती तेव्हा तात्या गॅलरीत छाती काढून उभे. “पंचवीस वर्षं वाफच खाल्ली. आम्हाला काय होतंय?” आठवड्याभरात झाला. पण सौम्य झाला, आणि सौम्य झाला तोही त्या वाफेमुळेच.

लालबाग-परळमध्ये असा माणूस मजल्यागणिक एक तरी निघतोच. साचाखात्यातल्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते ओरडून बोलतात. रंगखात्यातल्यांना दिसतं जास्त, म्हणून ते बोलण्याआधी तुमच्या शर्टाकडे बघतात. १८ जानेवारी १९८२ला कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आले नि टॉवर आले. तात्यांची गिरणीही गेली. पण त्यांची पाळी काही सुटलेली नाही.

तात्या कुणाला ‘कसा आहेस’ असं विचारत नाहीत. ‘हा पिवळा उतरणार,’ एवढंच म्हणतात आणि पुढे जातात. पोर शाळेचा नवा गणवेश घालून निघालं की त्याला थांबवून कॉलर उलटी करतात. ट्यूबलाइटखाली दाखवलेल्या रंगावर त्यांचा विश्वास नाही. शेड बघायची ती उत्तरेकडच्या खिडकीत, दिवसा. एका कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात त्यांनी मुलीला भर बैठकीतून गॅलरीत बोलावलं. मुलीकडची मंडळी चपापली. तात्यांना मुलीशी काही कर्तव्य नव्हतं, त्यांना साडीचा मोरपंखी बघायचा होता. लग्न जमलं. साडी, तात्यांच्या मते, दोन धुण्यांत गेली.

हिंदमाता मार्केटमध्ये देण्याघेण्याच्या साड्या घ्यायला त्यांना सोबत नेण्याचं धाडस प्रत्येक घर एकदाच करतं. दुकानदाराने सुती, लालभडक साडी झटक्यात गादीवर उलगडली. “मावशी, गॅरंटीड कलर.” तात्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला. एक कोपरा बाटलीतल्या पाण्यात भिजवला, पिळला, तर्जनीभोवती घट्ट गुंडाळला आणि पदराच्या आतल्या बाजूला मागे-पुढे, मागे-पुढे, मोजून दहा वेळा घासला. दुकानात पंख्याखेरीज काही हलेना. रुमालावर गुलाबी डाग उठला.

“नॅप्थॉल,” तात्यांनी निकाल दिला. “साबणाची उकळी चुकवलीय.”

“काका, लेना है के नहीं लेना है?”

“तुमचा दोष नाही हो. बर्फ कमी पडलाय.”

दुकानदाराला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट आहे. म्हातारा अगदी बरोबर बोलत होता. नॅप्थॉलचा लाल रंग तयार डब्यातून कापडावर चढत नाही, तो कापडावरच जन्माला येतो. आधी कापड नॅप्थॉलच्या पाण्यातून काढायचं, मग ‘बेस’च्या पाण्यातून. तो बेस तयार करताना पाणी बर्फासारखं थंड ठेवावं लागतं, नाहीतर माल फुकट जातो. म्हणून रंगखात्यात रोज बर्फाच्या लाद्या यायच्या, आणि मे महिन्यात बाकीच्या खात्यांतल्या लोकांना तात्यांच्या खात्याविषयी अचानक आपुलकी वाटू लागायची. शेवटी साबणाच्या उकळीत कापडाच्या वर वर बसलेला सुटा रंग काढून टाकायचा. ती उकळी चुकवली की रंग रुमालाला लागतो. दहा वेळा घासण्याची परीक्षाही तात्यांच्या डोक्यातली नव्हे. त्यासाठी क्रॉकमीटर नावाचं यंत्र असतं आणि तेही दहाच वेळा घासतं. तात्यांनी फक्त यंत्र वजा केलं.

या रसायनांची दुसरी बाजू तात्या सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे लुडविग रेन या जर्मन शल्यवैद्याने १८९५ सालीच दाखवून दिलं होतं. त्यामागे रंगाच्या कच्च्या मालातली काही ॲरोमॅटिक अमाइन्स होती. बेंझिडीनपासून बनणाऱ्या रंगांवर आपल्याकडे बंदी यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. शंभर वर्षं हा थोडा उशीर नव्हे. तात्यांच्या जुन्या सोबत्यांची नावं निघाली की ते एकेकाची शेड सांगतात, ‘तो टर्की रेडवाला, तो खाकीवाला,’ आणि विषय बदलतात.

आता मूळ गोष्ट. तात्यांची पुतणी माटुंग्याला केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेत पीएचडी करते. जुन्या लोकांची यूडीसीटी ती हीच. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली, आणि गिरण्यांचं शहर असल्यामुळे सुरुवातीच्या विषयांत कापडाचं रसायनशास्त्र होतंच. पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगांच्या रसायनशास्त्राचे जगन्मान्य पंडित. त्यांच्या कृत्रिम रंगांवरच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ साली निघाले आणि जगभरचे रंगवाले ते उशाला घेऊन झोपत. तात्यांच्या इतिहासात मात्र ही संस्था त्यांच्या गिरणीची शाखा आहे.

“काय करतेस गं तिकडे?” तात्यांनी एकदा विचारलं.

“ॲरोमॅटिक रेणूंवर काम आहे, तात्या. त्यांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर द्यायचे आणि त्यांतून वीज कशी जाते ते बघायचं.”

“म्हणजे रंगखातं.”

“नाही हो! मटेरियल सायन्स.”

“तेच ते. थर द्यायचा म्हणजे रंगखातंच.”

पोरगी चिडली. तिने गॅलरीच्या फरशीवर, पोरांच्या लंगडीच्या चौकोनांशेजारी, खडूने षट्कोन काढला. हे बेंझीन. सहा कार्बन, एक कडं. या कड्यातले सहा इलेक्ट्रॉन कुठल्या एका जोडीचे नसतात, आपल्या चाळीच्या गॅलरीसारखे सगळ्या खोल्यांचे असतात आणि गोल फिरत राहतात. कड्याला कडं जोडलं की त्यांची फिरायची जागा वाढते, आणि जागा वाढली की त्यांना हलवायला कमी ऊर्जेचा प्रकाश पुरतो. एक कडं, दोन कडी, तीन कडी बिनरंगाचीच असतात. ओळीने चार जोडली की नारिंगी, पाच जोडली की गडद निळी. आणि सगळीकडून जोडतच गेलं की ग्राफीन. ते २००४ साली मँचेस्टरच्या गाइम आणि नोवोसेलोव्ह या दोघांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे काढत वेगळं केलं, आणि २०१०चं नोबेल नेलं.

तात्यांनी ‘चिकटपट्टी’ एवढंच धरलं. “आम्ही पण भिंतीवर शेडकार्ड चिकटपट्टीनेच लावायचो. आम्हाला कुणी विचारलं नाही.”

मग ते आत गेले आणि आपली वही घेऊन आले. ही वही चाळीत देवासारखी ठेवलेली आहे. लांबट, पुठ्ठ्याच्या कव्हराची, शिवण सुटलेली. पानापानावर नखाएवढे कापडाचे तुकडे खळीने चिकटवलेले, कडा कातरीने दातेरी कापलेल्या. बाजूला जांभळ्या पेन्सिलीत लॉट नंबर, रंगाचं नाव, टक्के, कॉस्टिक किती, हायड्रो किती. खळीला झुरळांनी जागोजाग चाखून पाहिलंय, पण रंगाला हात लावलेला नाही. तात्यांनी एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं. “जेड ग्रीन. पन्नास वर्षं झाली. उतरलाय का बघ. तुझ्या नोबेलवाल्याचं उतरेल.”

पुतणीने सहज फोनवर जेड ग्रीनची रचना काढली. मग बराच वेळ काही बोललीच नाही. जेड ग्रीन हा व्हॅट रंग, म्हणजे हौदात विरघळवून कापडावर चढवायचा, १९२० साली स्कॉटिश डाइज कंपनीच्या रसायनज्ञांनी शोधलेला. त्याच्या पोटात व्हायोलॅन्थ्रोन नावाचा रेणू, आणि व्हायोलॅन्थ्रोन म्हणजे एकमेकांना घट्ट जोडलेली नऊ कडी. सरळ सांगायचं तर ग्राफीनचाच एक कोपरा. याच व्हायोलॅन्थ्रोनमधून आणि त्याच्या भाऊबंदांतून वीज कशी जाते, हे १९५० साली जपानच्या आकामातू आणि इनोकुची यांनी मोजलं होतं, आणि सेंद्रिय पदार्थही अर्धवाहक असू शकतात या गोष्टीची तिथून नीट सुरुवात झाली. वर आणखी एक: असल्या व्हॅट रंगांवर काम करणाऱ्या रोलँड शोल या रसायनज्ञाच्या नावाची अभिक्रिया आजही ग्राफीनचे नॅनोतुकडे जोडून बनवायला वापरतात.

म्हणजे ‘हे आधी आमच्याकडे होतं’ या बढाईच्या बाबतीत, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, तात्यांचं खरं होतं. ज्या रेणूंना आज जगभर प्रयोगशाळांत जपून हाताळतात, त्यांचे भाऊबंद रंगखात्यात पिंपातून फावड्याने काढले जायचे. फरक इतकाच की तिथे त्यांच्यातून वीज कुणी सोडून पाहिली नाही. कापड विकलं जात होतं, वीज सोडायची गरज काय?

ही बातमी तात्यांना सांगायची की नाही यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी सांगितली. व्हायचं तेच झालं. तात्यांनी संध्याकाळी भारतमाता सिनेमाच्या नाक्यापर्यंत जाऊन भेटेल त्याला सांगितलं की जपानने आपला माल चोरला.

त्यावर थांबतील तर ते तात्या कसले. बेंझीनसुद्धा लालबागचंच, असं त्यांनी जाहीर केलं. पुरावा काय, तर गॅस कंपनी लेन. पण हसण्याआधी जरा थांबा. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले, तो गॅस दगडी कोळसा तापवून निघे, आणि त्या कारखान्याची आठवण लालबागच्या गल्लीच्या नावात अजून आहे. कोळसा तापवला की मागे डांबर उरतं. बेंझीन, नॅप्थॅलीन, अँथ्रासीन ही सगळी मंडळी त्या डांबरातली. बेंझीनचं कडं केकुले या रसायनज्ञाने कागदावर मांडलं तेही त्याच १८६५ साली. केकुले लालबागला आला नव्हता, हे तात्यांना पटवणं मला जमलेलं नाही.

अखेर पुतणी त्यांना एकदा प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. तात्या इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले. काचेच्या कपाटात एक छोटी कुपी होती, तळाशी निळी पूड.

“हे काय?”

“कॉपर थॅलोसायनीन.”

“अगं, ही तर मोनॅस्ट्रल ब्लू! छपाईखात्यात पिंपं भरून असायची. किती आहे ही?”

“एक ग्रॅम.”

“एक ग्रॅममध्ये रुमालसुद्धा रंगायचा नाही नीट.”

तिने सांगितलं की ही पूड निर्वातात तापवून, तिची वाफ करून, ती वाफ थंड जागी पुन्हा धरून शुद्ध केलेली आहे. तात्यांनी लगेच ताडलं, “ट्रंकेतल्या डांबरगोळ्या उडतात तसं.” अगदी तसंच, त्याही ॲरोमॅटिकच आणि त्याही न वितळता उडतात. चिंग टँग यांनी १९८६ साली सूर्यप्रकाशावर वीज देणारा सेंद्रिय घट जाहीर केला, त्यात एक थर याच निळ्याचा होता आणि दुसरा पेरिलीन या लाल रंगाच्या घराण्यातला. पुढच्याच वर्षी टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय थरांतून प्रकाश काढून दाखवला. मोबाइलचे ओएलईडी पडदे त्याच वाटेवरचे. तात्यांनी किंमत विचारली. शुद्ध केलेल्या ग्रॅमची किंमत ऐकून ते खुर्चीत बसले. पाणी मागितलं. मग म्हणाले, “सांडायचो गं आम्ही. पायाने सारायचो.”

निघताना मार्गदर्शक प्राध्यापकांनी अदबीने विचारलं, “काका, काही सूचना?” असं तात्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी थराची काच मागितली, हातात न घेता, पोरीलाच धरायला लावली. ट्यूबलाइटकडे पाठ करून तिला उत्तरेच्या खिडकीशी नेलं. डोळे बारीक करून बघितलं. “डाव्या कोपऱ्यात पातळ पडलाय.”

पुतणीने नंतर जाडी मोजली. डाव्या कोपऱ्यात पातळच होता.

तेव्हापासून तात्या स्वतःला नॅनोवाले म्हणवतात, आणि मला यात फारसं खोटं दिसत नाही. संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि इंग्रजी निबंध अशी आपली समजूत आहे. पंचवीस वर्षं जिगर नावाच्या रंगवण्याच्या यंत्रापाशी उभं राहून, हायड्रो किती घातलं म्हणजे हौद कसा दिसतो हे डोळ्यांनी शिकलेला माणूस आपल्याला फक्त गोष्टीवेल्हाळ म्हातारा वाटतो. तो गोष्टीवेल्हाळ आहेच. पण फ्लॅव्हॅन्थ्रोन नावाचा पिवळा रंग हौदात निळाशार असतो आणि हवेत आल्यावरच पिवळा होतो, हे पुस्तक न उघडता सांगणारी माणसं आता लालबागेत थोडी उरलीत. त्यांच्या वह्या रद्दीत जाण्याआधी कुणीतरी, शक्यतो माटुंग्याच्याच कुणीतरी, त्या उतरवून घ्याव्यात. वहीसाठी तात्या चहा पाजतील, आणि तीन तास घेतील.

जाताना एवढं पाळा: अंगावर नवा लाल कुर्ता नको. ओला रुमाल त्यांच्या खिशात तयार असतो.