आक्षेप क्रमांक १७

स्थानिक निधी लेखापरीक्षेतून निवृत्त होऊन अण्णांना वीस वर्षं झाली, तरी वाण्याचं बिल ते अजून हिरव्या पेन्सिलीनं टिका मारूनच घरात घेतात. यंदा नातू नववीत गेला आणि ती पेन्सिल आमच्या शाळेच्या ग्रंथालयावर आली. मी तिथला ग्रंथपाल.

पहिल्याच भेटीत त्यांनी टेबलावर सात पानी टिपण ठेवलं. विषय : मिलिंद बोकील यांची कादंबरी 'शाळा', २००४. एकूण आक्षेप १७.

'अश्लील' हा शब्द अण्णा वापरत नाहीत. त्यांच्या मते तो मोघम आहे. आक्षेप क्र. ३ : नववीतील विद्यार्थी वर्गातील मुलीकडे पाहतो, पाहण्याचे प्रयोजन नमूद नाही. क्र. ५ : 'लाइन' ही संज्ञा वारंवार आढळते, खुलासा जोडलेला नाही. क्र. ९ : कथानक आणीबाणीतील असूनही मुलांत शिस्त दिसून येत नाही. शिफारस : पुस्तक कुलपात ठेवावे, किल्ली निम्नस्वाक्षरीकाराकडे राहावी.

मी म्हटलं, "अण्णा, 'समाजस्वास्थ्य'वर खटला झाला तेव्हा र. धों. कर्व्यांच्या बाजूनं खुद्द डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. १९३४ साली."

"ते मोठ्यांचं मासिक. इथे प्रश्न चौदा वर्षांच्या पोरांचा आहे."

मुद्दा बिनतोड होता. मग मी कथालेखक काकोडकरांचा खटला काढला. खालच्या कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं होतं, पण हायकोर्टानं त्यांची कथा अश्लील ठरवून दंड केला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मात्र त्यांना पुन्हा सोडलं. असले प्रसंग वाचून वयात येणारी मुलं बिघडतातच असं खात्रीनं सांगता येत नाही, असं म्हणून.

अण्णांची पेन्सिल थांबली. "'रंभा'तली ना ती? १९६२ चा दिवाळी अंक."

"तुम्हाला माहीत आहे?"

"कोर्टाला निकाल द्यायला सात वर्षं लागली. मी एका रात्रीत वाचली होती. थोरल्या भावाच्या गादीखालून काढून. तेव्हा नववीतच होतो."

"मग बिघडलात?"

अण्णांनी बराच विचार केला. "लेखापरीक्षेत गेलो," ते म्हणाले.

तरीही तत्त्व म्हणून त्यांनी 'शाळा' फेरतपासणीसाठी घरी नेली. नातवाच्या हातात पडू नये म्हणून ती देवघरातल्या फळीवर ठेवली, असं कळवलं. नातू त्या काळात मोबाइलवर काय पाहत होता, ते कुठल्याच आक्षेपात आलं नाही. मोबाइलला पृष्ठक्रमांक नसतात. पंधरा दिवसांची मुदत संपली, मी आठवण केली. अण्णांनी मुदत वाढवून मागितली. पुन्हा वाढवून मागितली. सहाव्या आठवड्यात पुस्तक परत आलं, खाकी कागदाचं कव्हर घालून. विलंबाचा दंड सुट्ट्या पैशांत, मोजून.

टिपण आत होतं. क्र. १ ते १६ समोर हिरवा शेरा : 'खुलासा समाधानकारक. आक्षेप निकाली.' सतरावा मूळचा खोडून नव्यानं लिहिला होता. अक्षर जरा थरथरलेलं :

'शिरोडकर ही विद्यार्थिनी गाव सोडून गेल्याचे शेवटी निदर्शनास आले. हे टाळता आले असते. जबाबदारी निश्चित करावी.'