रविवारचं शहाणपण

हैदराबादेत आबिड्सची दुकानं रविवारी शटर पाडतात आणि त्या शटरांच्या पायाशी जुनी पुस्तकं पसरतात. इंजिनिअरिंगची, वकिलीची, प्रवेश परीक्षांची गाइडं; आणि हमखास एक ढीग शहाणपणाचा. चारचौघांत बोलावं कसं, भीती घालवावी कशी, देवावर नाही तर निदान स्वतःवर विश्वास ठेवावा कसा. हा ढीग मी निरखून पाहतो. पहिल्या वीसेक पानांवर लाल रेघा, समासात ‘व्हेरी इम्पॉर्टंट’; पुढची पानं कोरी करकरीत. म्हणजे मूळ मालक विसाव्या पानापर्यंत निर्भय होत आला होता.

इथे सेकंडहँड माल विकायची परंपरा तशी जुनी. ज्याच्या नावाने हा चौक ओळखला जातो तो आल्बर्ट आबिड आर्मेनियन, सहाव्या निजामाचा, महबूब अली खानचा खास खिदमतगार. एकदा अंगाला लागलेला कपडा हुजूर पुन्हा घालत नसत अशी ख्याती. उतरलेलं सामान आबिड घेऊन जाई आणि पुढे तेच हुजुरांना परत विके, असं जुने हैदराबादी सांगतात. याच महबूबचं नाव घेतलं की सापाचं विष उतरतं, अशी प्रजेची श्रद्धा होती. प्रजेचा भरवसा राजावर, राजाचा आबिडवर. आबिडचा मात्र रोकड्यावर.

भाव करताना माझा आवाज आपोआप खाली येतो. शेजारचा गृहस्थ दीडशेच्या पुस्तकाला बेधडक तीस म्हणाला, पाठ फिरवून चालू लागला आणि एकदाही मागे वळला नाही. त्याला हाक येणारच होती. आली. असा विश्वास त्या ढिगातल्या एकाही पुस्तकात शिकवलेला नाही.

वक्तृत्वावरचं जाडजूड पुस्तक हाती आलं की मला पी. व्ही. नरसिंह राव आठवतात. 1938 साली ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून निजामाच्या राज्यात शिक्षणाचं दार बंद झालं, तेव्हा ते नागपूरला, पुण्याला शिकले. पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. इतक्या भाषा येणारा माणूस पंतप्रधान झाल्यावर प्रसिद्ध झाला तो गप्प बसण्यासाठी! लोकांनी यावर पुष्कळ विनोद केले. मला वाटतं, एकच भाषा येणाऱ्याला आपलं वाक्य सुटताना दिसतं. ज्याला दहा येतात त्याला ते दहा दिशांनी परत येतानाही दिसत असणार.

उभ्या उभ्या दोन प्रकरणं वाचून झाली तेव्हा विक्रेता म्हणाला, “लेना है तो लेव साब, पढना है तो लायब्ररी जाव.” सल्ला रास्त होता. मराठी ग्रंथ संग्रहालय तिथून पायी जाण्याजोगं आहे, आणि तिथे भाव करावा लागत नाही.