गुहागर ते कोल्हापूर, व्हाया एक नट

गुहागरहून कोल्हापूर गाडीने चार-पाच तासांचं, असं नवी गाडी असलेले लोक सांगतात. मामांकडे १९८५ची प्रीमियर पद्मिनी आहे. त्यामुळे गोरज मुहूर्ताच्या लग्नाला आम्ही पहाटेच निघालो.

पिंपळीला गाडी खोकली आणि शिरगावपासून असा फटफटाट सुरू झाला, की म्हशी आपणहून रस्ता सोडू लागल्या. "दमदार इंजिन!" मामा म्हणाले.

कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी, पोफळीच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडलं. "मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालंय. नट निघाले तर अर्ध्या तासाचं काम."

"आणि नाही निघाले तर?"

"जेवून या."

बाकीचे नट शिव्या खाऊन सुटले. मागच्या कोपऱ्यातला, जिथे धड हातही पोचत नाही, तोच अडला. गुहागरची खारी हवा आणि वर एक्झॉस्टचा रोजचा शेक! गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. आट्यांत तो फुगून बसला, की नट कुठे संपतो आणि स्टड कुठे सुरू होतो हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. त्याचं वीजघर इथल्याच डोंगराच्या पोटात, पण नट ढिम्म.

मेस्त्रींनी आधी तो आणखी आवळला. मामा ओरडले, "अहो, काढायचाय तो!"

"काका, अडलेला नट आधी थोडा आवळायचा, मग सोडायचा. घाई केली की स्टड तुटतो. मग हेड उतरवा नि ड्रिल मारत बसा."

केसभर पुढे, केसभर मागे. तेवढ्यात पाना सटकला आणि नटाचे कोपरे गोल झाले. मेस्त्रींनी तेराची गोटी ठेवून अर्ध्या इंचाची घेतली. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, म्हणून ती हातोडीने ठोकून घट्ट बसवली. तरी नाही. मग पेट्रोलच्या नळीवर ओलं गोणपाट टाकून गॅस पेटवला. नट लालबुंद झाला. तो जरा निवल्यावर मेस्त्रींनी मेणबत्ती आणली. मामांनी हात जोडले.

"पूजा नाही काका, मेण आट्यात उतरतं."

मेण चरचरलं, धूर निघाला आणि 'कर्रक' करून नट फिरला. निम्म्यात त्याच्याबरोबर अख्खा स्टडच बाहेर आला. हेडमधले आटे शाबूत पाहून मेस्त्री खूश झाले. नवा स्टड बसला, त्यावर पितळी नट. "हा गंजून धरणार नाही."

कोल्हापूरला पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती उठत होत्या. मामांनी नवरदेवाला बाजूला घेतलं. म्हणाले, "अडलं, की आधी थोडं आवळायचं, मग सोडायचं. घाई केलीस तर तुटतं."

नवरदेवाने वाकून नमस्कार केला. विषय नटाचा होता, हे त्याला कुणी सांगितलं नाही.