खव्याचा पाहुणचार

सशाला आग्रह करता येत नाही. आमच्या घराण्याचा एवढा मोठा अपमान आजवर कुणी केला नव्हता. आमच्याकडे जेवणाऱ्याने ताटावर आडवा हात धरला की आम्ही त्याच्या बोटांच्या फटीतून वाढतो. आणि पुतणी परीक्षेसाठी पुण्याला जाताना ससा आमच्या हवाली करून गेली, तर सोबत चिठ्ठी दिली ती काय खायला घालायचं नाही याची!

ससा पांढरा आणि आम्ही मूळचे भूम तालुक्यातले, म्हणून त्याचं नाव खवा. कुंथलगिरीच्या पेढ्याला शोभावं असं नाव, पण पेढा राहू द्या, फळसुद्धा त्याला मोजून.

"काका, फळ द्यायचंच असेल तर चमचाभर. आठवड्यातून एक-दोनदा. रोज नाही."

चमचाभर! हे कुणाला सांगायचं? बाजारात मी डाळिंब कानाशी नेऊन निवडतो, पपईचा देठ हुंगतो, पेरूला नुसत्या अंगठ्याने ओळखतो. गाडेवाले मला बघितलं की म्हणतात, "गुरुजी, तुमचं तुम्हीच निवडा." मी याला आदर समजतो. बायको याला कंटाळा म्हणते.

चिठ्ठीचा सूड म्हणून मी अभ्यासाला बसलो आणि बघता बघता गल्लीतला सशांचा जाणकार झालो. सफरचंदाचा गर चालतो, बिया नाही. जर्दाळू, आलुबुखार, चेरी, पीच यांच्या आठळ्याही नाहीत. या बिया चावल्या की सायनाइड तयार होतं. तेच विष ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात असतं. पावसाने ओढ दिल्यावर कोवळ्या ज्वारीत गाय शिरली तर काय होतं, हे आमच्याकडच्या पोरांना शाळेत शिकवावं लागत नाही. पण सफरचंदाकडे मी तोवर त्या नजरेने बघितलं नव्हतं. ते आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ. ॲव्होकाडो तर सशाला सरळ विषच. त्यातलं पर्सिन काळजाचे स्नायू निकामी करतं. एवढं महाग फळ खव्याला वर्ज्य आहे हे वाचून मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

केळं, खजूर, मनुके, द्राक्षं ही काही विषं नव्हेत, पण साखर फार. खोबरं, शेंगदाणे यांत तेल फार. म्हणजे नवरात्रात घटापुढे बसून आम्ही जो कडकडीत उपास करतो, तो सशाने केला तर त्याला दवाखान्यात न्यावं लागेल. सशाच्या पोटात लहान आतडं संपतं तिथे एक मोठी पिशवी असते. तिथले जंतू गवत आंबवतात. गोड जास्त झालं की नको ते जंतू माजतात, वायू धरतो, आतडं थांबतं. शिवाय सशाला ओकता येत नाही. गेलं ते गेलं. त्या पिशवीतून मऊ लेंड्या तयार होतात आणि त्या तो पुन्हा खातो, त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. ही माहिती मी एका साखरपुड्याच्या पंगतीत दिली. पंगत लवकर उठली.

सीताफळावर मात्र मला जरा सविस्तर बोलू द्या. बालाघाटाच्या डोंगरात लहानपण गेलेल्या माणसाने सीताफळावर दोन वाक्यांत बोलणं म्हणजे कृतघ्नपणा. वनस्पतिशास्त्र म्हणतं, ते मूळचं अमेरिकेतलं. म्हणू दे. आमच्या माळावर ते जसं माजतं तसं कुणी पाहुणा माजत नाही, आणि त्याचं कारण आहे शेळी. आमची उस्मानाबादी शेळी बोर, बाभूळ, कागद, वाळत घातलेला सदरा, काही सोडत नाही. (जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं, शेळी अजून उस्मानाबादीच आहे. तिने अर्ज केलेला नाही.) पण सीताफळाच्या पाल्याला ती तोंड लावत नाही. म्हणून चरून चरून बोडका झालेल्या डोंगरावरही सीताफळ उभं राहतं. शेळीने नाकारलेल्या झाडाबद्दल माणसाने सावध असावं. आमची आजी बिया वाटून पोरींच्या डोक्याला उवांसाठी लावायची. उवा मरायच्या, पण ते पाणी डोळ्यात गेलं की डोळा लालभडक. त्या पोरींच्या किंकाळ्या मला अजून आठवतात. अशी बी सशाच्या पुढ्यात टाकायची नाही, हे कळायला मला पुस्तक लागलं नाही. गरही इतका गोड की तो मीच खातो. एक फोड तोंडात धरून दातांशिवाय, नुसत्या जिभेने सगळ्या बिया सुट्या करण्याचं माझं कसब खव्यापुढे मी कितीदा दाखवलं. त्याने कान हलवले नाहीत.

जातककथेतला ससा बेलफळ पडल्याच्या आवाजाने 'पृथ्वी मोडली' म्हणून पळत सुटतो. लहानपणी मी त्याला हसलो होतो. आता वाटतं, फळापासून पळणारा तो ससा जातीचा शहाणा होता.

मग खवा खातो काय? वाळलेलं गवत. दिवसभर, हवं तेवढं. दात जन्मभर वाढत असतात, ते त्या चघळण्यानेच झिजतात. पुतणीने त्यासाठी परदेशी गवताचं पाकीट मागवलं होतं. वडिलांनी ते उघडून हुंगलं, दोन काड्या तळहातावर घेतल्या.

"आरं, हे तर वाळलं गवतच की."

किंमत मी सांगितली नाही. 2013 च्या दुष्काळात वडील चारा छावणीत बैलांजवळ झोपायचे. 2019 ला पुन्हा छावण्या लागल्या, तेव्हा आमच्या दावणीला बैल नव्हते. ज्या घरात कडब्याच्या पेंढीसाठी माणसं हातघाईवर आलेली मी बघितली, त्या घरात मी एका सशापुढे सफरचंदाच्या फोडी धरून फोटो काढत होतो. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बांधावरचं मारवेल कापून, वाळवून, एकेक कुसळ निवडून त्यांनी खव्यापुढे टाकलं. खव्याने मान वर केली नाही. एवढ्या तन्मयतेने माझ्या हातचं अजून कुणी काही खाल्लेलं नाही.

मला राग येतो तो बाजारात चिमुकल्या पिंजऱ्यात कोंबून ससे विकणाऱ्यांचा, आणि वाढदिवसाची भेट म्हणून ते नेणाऱ्यांचा. मे महिन्यात पत्र्याखाली तो जीव धापा टाकतो आणि घरचे त्याला गार कलिंगड भरवतात, वर म्हणतात, "किती आवडीनं खातोय बघा." आवडीचं काय घेऊन बसलात? गोड मलाही आवडतं, म्हणून तर डॉक्टरांनी माझा पेढा बंद केला. शेजारच्यांनी तर रानातला ससा धरून आणतो म्हणून सांगितलं. तो कायद्याने संरक्षित, धरणं गुन्हा.

ससा दहा-बारा तास काही खाईना, लेंड्या थांबल्या, तर ओवा-हिंग करत बसू नका; थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. आणि आमच्या खव्याला बघायला येणार असाल तर वाळलं गवत आणा, कुसळं काढून. सीताफळं आणलीत तरी चालेल. त्यांचं काय करायचं ते मी बघून घेईन.